आकाश आहे, अंगण कोठे आहे?

आषाढात लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर उभे राहणाऱ्या माणसाला कधी कधी एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. कड्यावरून खाली झेपावणारी पाण्याची धार तळाशी पोहोचतच नाही. कोकणातून चढून येणारा वारा तिला मध्येच अडवतो आणि तिचे तुषार पुन्हा माथ्यावर आणून टाकतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारे हजारो लोक हे दृश्य पाहतात, छायाचित्रे काढतात, भाजलेली कणसे खातात आणि मोटारींच्या रांगेत अडकून घरी परततात. ज्या वाऱ्याच्या अंगी पडते पाणी परतवण्याचे बळ आहे, त्याचा वेग किती, तो कड्यावर किती उंच चढतो, माथा ओलांडल्यावर तो कसा भोवंडतो, हे मोजण्यासाठी विद्यार्थ्यांचा एखादा गट हातात उपकरणे घेऊन त्या गर्दीत उभा आहे, असे दृश्य मात्र विरळाच. निसर्गाने वायुगतिशास्त्राची एवढी मोठी प्रयोगशाळा दोन महानगरांच्या मध्यावर फुकट उभारून दिली आहे. तिचा उपयोग आम्ही भजी खाण्यापलीकडे केलेला नाही!

आज पहिल्या पानावरची ही जागा राजकारणाच्या रोजच्या धुळवडीला न देता आम्ही विमानविद्या आणि अवकाशविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना देत आहोत, त्याचे कारण हेच. पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत विमाने, अग्निबाण, उपग्रह आणि ड्रोन यांच्या मागे लागलेली मुले आज थोडीथोडकी नाहीत. त्यांच्याजवळ बुद्धी आहे, हौस आहे, संगणक आहेत. बांधलेली वस्तू उडवून पाहण्याची, ती पडली तर उचलून आणण्याची आणि का पडली याचा विचार करून पुन्हा उडवण्याची हक्काची मोकळी जागा मात्र त्यांच्याजवळ नाही. ती मावळ तालुक्यात मिळू शकते. आणि शेतकऱ्याची एक गुंठाही जमीन न हिरावता मिळू शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मुलांच्या कर्तृत्वाविषयी कोणास शंका असेल तर त्याने २२ जून २०१६ हा दिवस आठवावा. त्या सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ हा अग्निबाण वीस उपग्रह घेऊन उडाला. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह होता. वजन एक किलोच्या आतच, बाजू सुमारे दहा सेंटिमीटरची. देवघरातल्या डब्याएवढी ही वस्तू! पण तिच्या पोटात विचार मोठा होता. अवकाशात गेलेला उपग्रह गरगरत राहिला तर त्याची अँटेना जमिनीकडे वळेल याचा भरवसा राहत नाही. मोठ्या उपग्रहांत त्याला सावरण्यासाठी फिरती चक्रे किंवा वायूचे फवारे असतात आणि त्यांना वीज वा इंधन लागते. या मुलांनी उपग्रहात एक कायमचा चुंबक बसवला, जेणेकरून होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी स्वतःला जुळवून घेईल. आणि जोडीला विशिष्ट धातूच्या काड्या बसवल्या, ज्या त्याच्या गरगरण्यातील शक्ती हळूहळू उष्णतेत जिरवून टाकतील. विजेचा एक कणही खर्च न करता तोल सांभाळण्याची ही युक्ती. हौशी बिनतारी संदेशवाल्यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उपग्रहामार्फत निरोप पोहोचवता यावा, हा त्याचा उद्देश होता.

‘स्वयम्’ एकटा नाही. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पवईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोचा उपग्रह पीएसएलव्ही-सी३५ मधून वर गेला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजदाद करणे हे त्याचे काम होते. त्यापूर्वी २००९ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा ‘अनुसॅट’, २०१० साली दक्षिणेतील महाविद्यालयांनी मिळून केलेला ‘स्टडसॅट’ आणि २०११ साली कानपूरच्या आयआयटीचा ‘जुगनू’ वर गेले होते. अगदी अलीकडे, ३० डिसेंबर २०२४ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही-सी६० च्या चौथ्या टप्प्यावर जी चोवीस उपकरणे बसवली होती, त्यांत कोथरूडच्या एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटीचेही एक होते. अग्निबाणाचा चौथा टप्पा काम संपल्यावर निव्वळ कचरा म्हणून फिरत राहतो. त्यालाच काही काळ प्रयोगशाळा बनवण्याची इस्रोची ही कल्पना काटकसरीची आणि शहाणपणाची आहे. गुणवत्तेचा प्रश्न त्यामुळे येथे निकालात निघाला असे समजावयास हरकत नाही.

मग अडचण कोठे आहे? ‘स्वयम्’चाच हिशेब पाहा. २००८ साली सुरू झालेले काम २०१६ साली पुरे झाले आणि या आठ वर्षांत दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांचे हात त्याला लागले. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्याने पहिले रेखाटन केले, तो नोकरीला लागून संसारात पडला तेव्हा कोठे त्याचे रेखाटन आकाशात गेले. त्या मुलांची चिकाटी धन्य होय. पण अशी चिकाटी शेकडो विद्यार्थ्यांतून एखाद्याच गटाला साधते, आणि साधली तरी प्रक्षेपणाची संधी इस्रोच्या कृपेवर अवलंबून असते. बाकीच्यांनी काय करावयाचे? उपग्रह ही शिडीची वरची पायरी झाली. खालच्या पायऱ्याच बांधलेल्या नसतील तर वर चढणारा तो एक अपवादच राहणार, त्याची परंपरा होणार नाही.

या बाबतीत जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट ट्विग्ज यांनी एक साधी कल्पना मांडली: शीतपेयाच्या डब्याएवढ्या जागेत उपग्रहाची सारी अंगे बसवावी, म्हणजे बॅटरी, मोजमापाची उपकरणे, रेडिओ. असा डबा लहान अग्निबाणाने काही उंचीवर नेऊन हवाई छत्रीने खाली सोडला जाई. खाली येईपर्यंतची ती काही मिनिटे हेच त्याचे आयुष्य. दुसऱ्याच वर्षी जपानी आणि अमेरिकी विद्यार्थी असे डबे घेऊन नेवाडातील ओसाड वाळवंटात जमले. मैलोगणती सपाट, रिकामी जमीन; डबा पडला तर कोणाच्या डोक्यात पडण्याची भीती नाही, हरवला तर शोधता येईल असे माळरान. अवघ्या चार वर्षांनी, ३० जून २००३ रोजी, टोकियोतील दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी बांधलेले दहा सेंटिमीटरचे दोन उपग्रह खरोखरीच पृथ्वीभोवती फिरू लागले. वाळवंटात डबे टाकण्याचा खेळ आणि अवकाशातला उपग्रह यांच्यात चार वर्षांचेच अंतर होते. ते अंतर त्या मुलांनी तोडले, ते आधी मोकळ्या मैदानावर चुका करण्याची मुभा मिळाली म्हणून.

चुका करण्याची मुभा, हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरत आहोत. महाविद्यालयाच्या सभागृहात दुसऱ्या मजल्यावरून सोडलेली हवाई छत्री दर वेळी सुरेख उघडते. मोकळ्यावर वारा आडवा असतो. दोऱ्या एकमेकींत गुंततात, घडी ओली होते, डबा गरगरतो आणि छत्री उघडावयाच्या आत जमीन येते. संगणकाच्या पडद्यावर पंखाचा प्रत्येक आकार उडतो. प्रत्यक्षात गोंद सुटतो, खिळा ढिला पडतो, बॅटरी थंडीत मंदावते, आणि ज्या तारेकडे कोणी पाहिलेच नव्हते तीच तुटते. अभियांत्रिकी ही या न पाहिलेल्या तारांची विद्या आहे. ती पाठ्यपुस्तकात छापता येत नाही. ती शिकण्यासाठी विद्यार्थ्याला आपली मोडकी वस्तू हातात घेऊन माळावर अर्धा तास उदास बसावे लागते.

पुण्याच्या मुलाने हे कोठे करावे? लोहगावचे आकाश हवाई दलाचे. खडकवासल्याला प्रबोधिनी. हडपसरच्या ग्लायडिंगच्या मैदानाभोवती शहर चहूबाजूंनी दाटले आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोनविषयक नियमांनी देशाच्या आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे भाग पाडले. त्या नियमांत एक अत्यंत उदार तरतूद आहे: संशोधन करणाऱ्या मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना प्रमाणपत्र, नोंदणी आणि चालकाचा परवाना यांतून सूट दिलेली आहे. पण अट अशी की उड्डाण हिरव्या भागात आणि संस्थेच्या स्वतःच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातील मोकळ्या जागेतच व्हावे. सरकारने दार उघडले, परंतु ज्याला अंगण आहे त्याच्यासाठीच! शहरातल्या महाविद्यालयाच्या आवारात आज वाहनतळाला जागा पुरत नाही, तेथे विमान कोठे उतरणार? अग्निबाणांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे इंधन स्फोटक पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येते, आणि ते योग्यच आहे. म्हणून राष्ट्रीय पातळीवर २०२५ साली झालेल्या विद्यार्थ्यांच्या अग्निबाण आणि डबा-उपग्रह स्पर्धेसाठी देशभरातल्या मुलांना उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्हा गाठावा लागला. स्पर्धेसाठी एकदा जाणे ठीक. पण सरावासाठी दर शनिवारी कुशीनगर गाठणे कोणास शक्य आहे?

याचा परिणाम काय होतो, हे शेवटच्या वर्षाच्या परीक्षकाला विचारावे. प्रकल्पाचा अहवाल जाडजूड असतो, बांधणी सोनेरी अक्षरांची असते. परंतु आतील विमान केवळ पडद्यावर उडालेले असते. काही ठिकाणी तर तयार प्रकल्प विकत मिळतात आणि घेतलेही जातात, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. यात दोष एकट्या विद्यार्थ्याचा आहे असे आम्ही मानत नाही. ज्याला उडवता येणार नाही असे विमान बांधावयास सांगितले, त्याने ते कागदावरच उडवले तर आश्चर्य कसले? पोहण्याच्या परीक्षेला हौदच नसेल तर सारेच विद्यार्थी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणार.

आता मावळच का, हे सांगतो. लोणावळा पुण्यापासून आणि मुंबईपासून लोहमार्गावर आहे. सकाळच्या गाडीने निघालेला विद्यार्थी दिवसभर काम करून रात्री घरी परतू शकतो. तळेगाव, आंबी, वराळे, कुसगाव या टापूत अभियांत्रिकीची महाविद्यालये आधीच उभी आहेत. लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’ ही नौदलाची अभियंते घडवणारी संस्था १९४५ पासून आहे. यंत्रविद्येच्या शिक्षणाला डोंगराची हवा मानवते हे तिने सिद्ध केले आहे. आणि वारा तर मावळचा स्वभावच आहे. समुद्रावरून आलेला वारा कोकणाच्या पट्टीवरून सरकत सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो आणि दुसरा मार्ग नसल्याने उभा चढतो. पावसाळा संपला की उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत कामशेतच्या टेकड्यांवरून रंगीत छत्र्यांना लटकून माणसे उडतात, ती याच चढत्या वाऱ्यावर. पैसे मोजून उडणाऱ्या हौशी प्रवाशाला जो वारा उपलब्ध आहे, तो विद्यार्थ्याला उपलब्ध नसावा, हे न्यायाचे नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर वारा मोजावा आणि हिवाळ्यात खोऱ्यात विमाने उडवावी, असे वर्षाचे वेळापत्रक निसर्गानेच आखून दिलेले आहे.

पण ‘जागा’ हा शब्द मावळात उच्चारताना जबाबदारीने उच्चारला पाहिजे, हे आम्ही विसरलेलो नाही. या तालुक्याने आजवर दुसऱ्यांसाठी पुष्कळ दिले. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी गेली. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली. पवनेवर धरण झाले. तळेगावला औद्योगिक वसाहत आली, तालुक्याच्या अंगावरून द्रुतगती मार्ग गेला, आणि आता डोंगरउतारावर शनिवार-रविवारच्या बंगल्यांचे पीक जोमाने येत आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या जलवाहिनीला विरोध करणाऱ्या आंदोलनात बऊर येथे पोलिसांच्या गोळ्यांनी तीन जण मरण पावले. ती जखम तालुक्याच्या मनावर आहे. तेव्हा विज्ञानाच्या नावाने संपादनाच्या नोटिसा काढणारा प्रकल्प कोणी घेऊन येणार असेल, तर त्याला पहिला विरोध आम्ही करू.

आमची सूचना अगदी वेगळी आहे. मावळचे मुख्य पीक भात. कार्तिक-मार्गशीर्षात कापणी होते. झोडणी उरकली की पाण्याची सोय नसलेली बरीचशी खाचरे आणि माळराने पुढच्या पेरणीपर्यंत मोकळी पडून असतात. हेच महिने महाविद्यालयांतील प्रकल्पांच्या भराचे. विद्यापीठाने अंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळ यांपैकी योग्य त्या खोऱ्यात, ग्रामसभेची संमती घेऊन, अशी काही जमीन हंगामापुरती रीतसर भाडेपट्ट्याने घ्यावी. भाडे आगाऊ आणि थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्यावे. कुंपण नको, सिमेंटची इमारत नको, कोनशिला तर नकोच नको. मृगापूर्वी जमीन जशी घेतली तशी परत करावी. जमीन शेतकऱ्याची राहील, उत्पन्नात चार पैशांची भर पडेल आणि भाडेपट्ट्याच्या मुदतीपुरती ती संस्थेच्या ताब्यात असल्याने नियमातील अटही पुरी होईल. खाचरांचे बांध अडचणीचे आहेत, धावपट्टी होणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल. हाताने फेकण्याच्या विमानाला, छत्रीने उतरणाऱ्या डब्याला आणि उभ्या उडणाऱ्या ड्रोनला धावपट्टी लागत नाही. आणि बांधावर आपटून मोडणारे चाकही विद्यार्थ्याला काही शिकवूनच जाते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र तडजोड चालणार नाही. जागा ठरवण्यापूर्वी हवाई दल, नौदल आणि नागरी विमान वाहतूक खाते यांची संमती घ्यावी. लष्करी आस्थापनांजवळचा भाग, द्रुतगती मार्ग, लोहमार्ग आणि वस्ती यांपासून पुरेसे अंतर ठेवावे. ज्यांना हिरव्या भागात मुभा आहे ती विमाने आणि ड्रोन चारशे फुटांच्या मर्यादेत उडावी. आरंभ पाण्याच्या दाबावर उडणाऱ्या अग्निबाणांनी करावा. घन इंधनाचे अग्निबाण परवाना आणि जाणत्या माणसांची देखरेख यांवाचून एकही उडता कामा नये. पाषाण-सुतारवाडीला अग्निबाणांच्या इंधनावर आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ आहेत, त्यांतील निवृत्तांना विद्यापीठाने सन्मानाने पाचारण करावे. शिवाय माघ-फाल्गुनापासून मावळचे गवत वाळून कोळ होते. एका ठिणगीने डोंगर पेटतो आणि वणव्यात गुरांचा चारा जातो. म्हणून ज्वाला निघणारे सारे प्रयोग थंडीतच संपवावे. या अटी कोणास जाचक वाटतील. पण अटी पाळून उडवणे हाच विमानविद्येचा पहिला पाठ आहे.

पैसा कोठून येणार, हा प्रश्न आता विचारला जाईल. त्याचे उत्तर मावळच्याच भूमीत दोनदा लिहून ठेवलेले आहे. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह एखाद्या एकट्या राजाच्या खजिन्यातून झालेले नाही. तेथील खांबांवर आणि भिंतींवर दात्यांची नावे आजही वाचता येतात. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल त्यांत आहे; तसेच धेनुकाकटाचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतारही आहे. कोणी खांब दिला, कोणी दरवाजा दिला, आणि दोन हजार वर्षे टिकलेली वास्तू झाली. दुसरे उदाहरण तळेगावचे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने एक पैसा द्यावा अशी हाक देत गावोगाव हिंडून जो पैसाफंड जमवला, त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आणि तेथे नुसती काच झाली नाही, काच करणारी माणसेही शिकून तयार झाली. सामान्य माणसाच्या पैशाने तंत्रविद्या उभी राहू शकते हे सिद्ध करणारे गाव ज्या तालुक्यात आहे, तेथे विद्यार्थ्यांच्या हंगामी मैदानासाठी निधी जमणार नाही, हे आम्हांस पटत नाही. तळेगाव-चाकणचे कारखानदार आणि या महाविद्यालयांतून शिकून देशोदेशी गेलेले माजी विद्यार्थी यांनी मनावर घेतले तर खांब कोण देणार आणि दरवाजा कोण देणार याचीच चढाओढ लागेल.

कार्ल्याच्या जवळच भाजे आहे. तेथील विहाराच्या भिंतीवर आकाशातून रथ हाकणाऱ्या देवाचे एक अप्रतिम शिल्प आहे. तो सूर्य असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. असे शिल्प दाखवून ‘आमच्या पूर्वजांजवळ विमाने होती’ असे छातीठोकपणे सांगणारे लोक आपल्यात आहेत. प्राचीन म्हणून गाजवल्या गेलेल्या विमानशास्त्राच्या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली छाननी केली आणि त्यात वर्णिलेली याने उडूच शकणार नाहीत, असा निर्वाळा दिला. भाज्याच्या शिल्पकाराची कल्पनाशक्ती थोर होती, तिच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण कल्पनेचे विमान आणि उडणारे विमान यांच्यात मोजमापाचा एक लांबलचक रस्ता आहे. तो रस्ता एक किलोचा चौकोनी डबा करणाऱ्या पुण्याच्या पोरांनी पायी तुडवला. आमच्या पूर्वजांचा अभिमान वाटावा असे वारस कोण, हे आता वाचकांनीच ठरवावे.

आणि थोर कामांचा आरंभ थोर इमारतींत होतो हाही भ्रमच आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या थुंबा या कोळीवाड्यातून भारताच्या भूमीवरचा पहिला संशोधनाचा अग्निबाण उडाला, तेव्हा शास्त्रज्ञांचे कार्यालय गावच्या चर्चमध्ये होते आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेल्याची छायाचित्रे आजही आपण कौतुकाने पाहतो. अग्निबाणही स्वतःचा नव्हता, परक्याचा होता. स्वतःचे होते ते फक्त मैदान. त्या मैदानावर माणसे जमली, शिकली, चुकली. डॉ. वसंत गोवारीकर यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञाने तेथेच घन इंधनाच्या विद्येचा पाया घातला आणि पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९८० साली एसएलव्ही-३ या स्वदेशी अग्निबाणाने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत सोडला. मैदान आधी आले, यश सतरा वर्षांनी आले. आम्ही मात्र यशाची खात्री पटल्याशिवाय मैदान द्यावयास तयार नसतो!

विद्यापीठांच्या धुरीणांना आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. पुण्यामुंबईच्या विद्यापीठांनी आपापली निशाणे बाजूला ठेवून या मैदानाचा भार एकत्र उचलावा. दहा संस्थांनी दहा अर्धवट मैदाने करण्यात अर्थ नाही. मैदानावर एक कायमचा अनुभवी कारागीर नेमावा, कारण विद्यार्थी चार वर्षांनी जातात आणि त्यांच्याबरोबर शिकलेले सारे जाते. ते धरून ठेवणारा एक तरी माणूस तेथे हवा. प्रत्येक फसलेल्या उड्डाणाची प्रांजळ नोंद एका वहीत व्हावी आणि ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. ज्याचे विमान पडले पण का पडले हे ज्याने शोधून काढले, त्याला न पडलेल्या कागदी विमानापेक्षा अधिक गुण द्यावे. आणि प्रयोगाच्या दिवशी कामशेत, वडगाव, नाणे, भोयरे येथल्या शाळांतील मुलांना बांधावर बसून पाहण्याचे खुले आमंत्रण असावे. ज्यांच्या वडिलांच्या खाचरावरून विमान उडणार आहे, त्यांनी ते केवळ दुरून पाहावे हे आम्हांस मान्य नाही. त्यांतील एखादी मुलगी उद्या ते बांधणार आहे.

मावळच्या शेतकऱ्याने आजवर धरणाला पाणी दिले, रस्त्याला जमीन दिली, शहराला वीज दिली. या वेळी त्याच्याकडे मागावयाचे आहे ते कापणीनंतरच्या मोकळ्या रानावरचे काही महिन्यांचे आकाश, तेही भाडे मोजून आणि त्याच्या संमतीने. विद्यापीठांकडे मागावयाचे आहे ते थोडेसे धैर्य आणि मुलांना पडू देण्याची तयारी. वारा कोणाकडे मागण्याची गरज नाही. तो यंदाच्या आषाढातही कड्यावर चढून येईल आणि पडते पाणी माथ्यावर परत आणून टाकील. त्याचा वेग लिहून घ्यावयास त्या दिवशी कोणी उभा असेल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.